शंभरात किती

माणूस हादरायला आभाळच कोसळावं लागतं असं नाही; तिला दोन आकडे पुरले. दहा आणि सत्तर. सकाळचं ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलं होतं, बाहेर जिन्यात कुणी पोरगी फोनवर आईशी वाद घालत होती, वरच्या मजल्यावर खुर्च्या ओढल्याचे आवाज चालले होते, आणि संगणकाच्या पडद्यावर एकाच ओळीत ते दोन आकडे शेजारी शेजारी बसले होते, अबोला धरलेल्या जावांसारखे. एकाच डॉक्टरांनी, एकाच टिपणावर, काही महिन्यांच्या अंतरानं लिहिलेले. पहिल्यांदा: वेळेवर उपचार झाले असते तर अशा शंभरांतले दहा वाचले असते. दुसऱ्यांदा: सत्तर. तिनं चष्मा काढून पुसला. मग पडद्यावरूनही बोट फिरवलं, धूळ असेल तर जाईल म्हणून. आकडे काही हलले नाहीत. उभा जन्म आकड्यांशी संसार केलेली बाई ती. आकडे फसवत नाहीत, माणसं आकड्यांना पुढे करून फसवतात, असं दर वर्षी नव्या पोरांना पहिल्याच तासाला ठणकावून सांगायची. आता मात्र ती उठून खिडकीशी गेली, परत आली, खुर्चीवर बसली आणि पुन्हा उठली.

काम सांगायला सोपं होतं. माणूस दवाखान्यात गेला, वाचला नाही, घरच्यांनी कोर्टात धाव घेतली: हयगय झाली, नाहीतर आमचा माणूस आज असता. आता हे 'असता' कुणी सांगायचं? डॉक्टर म्हणणार, शरीराचा काय भरवसा. वकील म्हणणार, पुरावा दाखवा. आणि फिरून फिरून दोघंही तिच्या दारात येणार, की बाई, अशा शंभरांत किती वाचतात तेवढं सांगा. म्हणून तिघांनी मिळून हा अभ्यास हाती घेतला होता. एक ती, संख्याशास्त्राची प्राध्यापक. एक निवृत्त हृदयशल्यविशारद, ज्यांना सगळे नुसतं डॉक्टर म्हणत. आणि एक तिची शाळेपासूनची मैत्रीण, वकीलबाई. जुने, निकाल लागून गेलेले खटले घ्यायचे, त्यांची अर्ध्या पानाची टिपणं करायची, नाव-गाव काढायचं, वय थोडं मागे-पुढे करायचं, धंदा बदलायचा, आजाराला फरक पडत नसेल तर बाईचा पुरुष आणि पुरुषाची बाईसुद्धा करायची. मग डॉक्टरांनी आकडा लिहायचा, वेळेवर उपचार झाले असते तर शंभरात किती वाचले असते. वकीलबाईनं लिहायचं, जबाबदार कोण. दोघांनी एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही. "पन्नासच्या वर एक जरी गेला तरी कायद्याला तो पुरता शंभर," वकीलबाई सुरुवातीलाच म्हणाली होती, "आणि पन्नासच्या खाली एक जरी आला तरी शून्य. आमच्याकडे अर्धामुर्धा मेलेला माणूस चालत नाही गं." त्यावर डॉक्टर हसले होते, ते म्हणाले होते, आमच्याकडे बहुतेक सगळे अर्धेमुर्धेच येतात.

शिवाय या अभ्यासात एक खोच होती, ती फक्त तिला ठाऊक. काही टिपणं मशीन चिठ्ठ्या टाकल्यासारखी आपलीआप निवडायचं आणि पुन्हा एकदा टपालात घुसवायचं. कारण माणूस सोमवारी एक बोलतो आणि शुक्रवारी भलतंच. न्यायाधीशापासून जावयापर्यंत सगळे. एकच टिपण दोनदा वाचून माणूस तेच उत्तर देतो का, ते पाहिल्याशिवाय त्याच्या उत्तराला काय अर्थ? त्या परत पाठवलेल्या टिपणांची उत्तरं आज आली होती. बाकीच्यांत डॉक्टर चार-दोन आकड्यांनी इकडेतिकडे झालेले, तेवढं चालायचंच. वकीलबाई तर सगळीकडे जशीच्या तशी, शब्दाचाही फरक नाही. आणि या एका टिपणावर डॉक्टर दहावरून सत्तरावर गेले होते. संगीत शिकवणारी, पन्नाशीची बाई, दोन खांद्यांच्या मध्ये अचानक दुखू लागलं, दवाखान्यात नेलं, घरी परत नेलं, त्याच संध्याकाळी गेली. वकीलबाईचा शेरा दोन्ही वेळा अक्षरशः एकच: जबाबदारी ठरवता येत नाही, रुग्ण शुद्धीवर होता, तो स्वतः काय म्हणाला ते टिपणात नाही. या शेऱ्याचा तिला पहिल्या वेळीच राग आला होता. वकिली खुसपटं! अर्ध्या पानात काय महाभारत लिहायचं?

ते टिपण कुठल्याच कोर्टातून आलेलं नव्हतं. ती संगीत शिक्षिका म्हणजे तिचा नवरा होता.

संगीताशी त्याचा संबंध एवढाच, की अंघोळ करताना तो शीळ घालायचा आणि ती हमखास बेसूर असायची. तलावावर पोहणं शिकवायचा तो. पाय बेडकासारखे मारा, बेडकासारखे, असं ओरडून ओरडून पोरांनीच त्याचं नाव बेडूक सर पाडलं, मग पोरांच्या आया तेच म्हणायला लागल्या, आणि शेवटी घरातही तेच. ए बेडका, गॅस बंद कर. ए बेडका, ओला टॉवेल खुर्चीवर टाकू नकोस, किती वेळा सांगायचं. त्याच्या अंगाला कायम तलावातल्या औषधाचा वास, कितीही साबण लावा. लग्नाच्या सुरुवातीला तिला तो वास दवाखान्यासारखा वाटायचा. पुढे असं झालं की दुसऱ्या कुठल्या तलावावरून जरी कुणी ओल्या केसांनी जवळून गेलं तरी तिला घरी आल्यासारखं व्हायचं. तिच्या कामातलं त्याला ओ की ठो कळत नसे, पण रोज विचारायचा, आज काय निघालं? ती सांगायची, नवं औषध चांगलं आहे, शंभरात नव्वद बरे होतात. तो ताटावरून मान वर करून म्हणायचा, "आणि उरलेल्यांचं काय?" ती वैतागायची. उरलेल्यांचं काय म्हणजे काय, नव्वद आहेत ते बघ ना! "ते बघतोच आहे गं," तो म्हणायचा, "पण दहा जण तिथं बसून असतील की नाही?" जसे काही ते दहा जण तलावाच्या काठावर पाय सोडून बसलेत आणि याची वाट बघतायत. पोहायला शिकवताना त्याचं लक्ष तसंच, पुढे गेलेल्यांकडे नाही, कठडा धरून राहिलेल्यांकडे. तिला स्वतःला त्यानं दहादा म्हटलं होतं, चल, तुला शिकवतो. ती विचारायची, माझ्या वयाच्या बायका शंभरात किती शिकतात? तो म्हणायचा, हात धरून शिकवलं तर शंभरच्या शंभर. ती कधी गेली नाही. आता वाटतं, जायला हवं होतं. पोहणं आलं नसतं तरी हात तर धरला असता.

'शंभरात किती' हे तिचं पालुपद. कलिंगडवाल्याला विचारायची, शंभरात किती फिकी निघतात? भाच्याच्या मास्तरांना विचारायची, शंभरात किती नापास करता? लोक हसायचे, तिला त्याचं काही नाही. त्या रविवारी दुपारीसुद्धा तिनं तेच विचारलं. बेडूक शिकवणी आटपून आला तो दोन खांद्यांच्या मध्ये हात नेत, म्हणाला, एका जाड्याला उचललं, तिथं काहीतरी सटकलं बहुतेक. पण त्याचा रंग उतरला होता. तिनंच दवाखान्यात नेलं. पलंगाच्या कडेला बसवलेला तो, वर हिरवट दिवा, शेजारच्या पडद्यामागे कुणीतरी सारखं पाणी मागत होतं, आणि समोर डोळे तारवटलेला तरुण डॉक्टर. त्यानं दाबून पाहिलं, ऐकून पाहिलं, म्हणाला, स्नायू धरलाय. दुसरंही एक असू शकतं, पण ते फार क्वचित, त्यासाठी मशीनमध्ये घालून बघावं लागेल आणि मशीन रिकामं व्हायला वेळ आहे, थांबता का? ती म्हणाली, शंभरात किती? पोरगा जरा गांगरला. एखादा, म्हणाला. फार तर दोन. "दोन म्हणजे काहीच नाही," ती म्हणाली, "चल, घरी जाऊ." इतक्या सहज, भाजीच्या पिशव्या उचलून निघावं तसं. ती पर्स खांद्याला लावून दारापर्यंत पोचलीसुद्धा. मागे तो वाकून बुटाची नाडी बांधत होता, वाकल्यामुळे तोंड लाल झालेलं, आणि नाडीकडे बघतच काहीतरी पुटपुटला. संध्याकाळी तो गच्चीत वाळलेले कपडे काढत होता. ती आत चहा टाकत होती. धप्प असा आवाज नाही, हाक नाही, काही नाही. नुसते चिमटे फरशीवर सांडल्याचे आवाज. पुढे कितीतरी महिने तिला कुंडीमागे, जाळीच्या खाचेत, पायपुसण्याखाली एकेक चिमटा सापडत राहिला.

हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीचा आतला पदर फाटला होता. ते 'दुसरं', फार क्वचित होणारं. दोन म्हणजे दोन असतात, 'काहीच नाही' नसतात, हे ती पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायची. सहा वर्षं ती एकाच प्रश्नाभोवती घाण्याच्या बैलासारखी फिरली: थांबलो असतो तर वाचला असता का? विचारायचं कुणाला? मित्राला विचारावं तर तो मन राखणार. परक्याला विचारावं तर तो अंग राखणार. खरं उत्तर मिळवायचा एकच रस्ता तिला येत होता, जन्मभर तोच तर शिकवला होता: कुणाबद्दल विचारलंय ते उत्तर देणाऱ्याला कळू द्यायचं नाही. आणि असा अभ्यास आयताच हातात. तिनं बेडकाला संगीत शिक्षिका केलं, वय बदललं, तलाव काढून टाकला, दुखण्याची वेळ, रक्तदाब, रंग, सगळं मात्र खरं ठेवलं, आणि बाकीच्या टिपणांच्या गठ्ठ्यात हळूच सरकवलं. लबाडी होती, तिला कळत होतं. विद्यार्थ्यानं केलं असतं तर तिनं त्याला दारात उभं केलं नसतं. पण तिला उत्तर हवं होतं, भुकेल्याला अन्न हवं असतं तसं.

पहिलं उत्तर आलं, दहा. शंभरात दहा. म्हणजे थांबली असती तरी नव्वदांत तो गेलाच असता. त्या दिवशी ती घरी जाऊन अंथरुणावर आडवी झाली आणि सकाळपर्यंत मेल्यासारखी झोपली. मग जे झालं त्याची तिला कल्पना नव्हती. अपराधाची एवढी गर्दी मनात इतकी वर्षं होती की तिच्यामागे तो दिसतच नव्हता. गर्दी हटली आणि तो दिसायला लागला. नुसता तो. आंबा खाताना कोपरापर्यंत रस ओघळू देणारा. वर्तमानपत्र मागून पुढे वाचणारा. तिचा हात थंड पडला की काही न बोलता तो आपल्या काखेत धरणारा. या चार-पाच महिन्यांत तिला त्याची आठवण येत होती ती कधी नव्हे अशी, निखळ. भांडी घासताना यायची, वर्गात फळ्याकडे पाठ करताना यायची, आणि रडू आलं तरी त्या रडण्यात गोडी होती. खुर्चीच्या पाठीवर तिनं एक कोरडा टॉवेल टाकून ठेवला होता, येताजाता हात लावायला. लोकांना वर्षभरात मिळतं ते दुःख तिला सहा वर्षांनी मिळालं होतं, तेही दहाच्या आकड्यावर. आणि आज सत्तर.

ती तशीच उठली आणि डॉक्टरांकडे गेली. निवृत्त झाल्यापासून डॉक्टरांना एक वेड लागलं होतं: इमारतीतल्या सगळ्यांचे फाटके कपडे ते शिवून द्यायचे. हातांना टाके घातल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणायचे. एके काळी लोक पोरंबाळं विकून माझ्या टाक्यांसाठी यायचे, आता फुकट आहेत तर घ्या. ती गेली तेव्हा खिडकीशी बसून ते कुणाचातरी जाडजूड कोट मांडीवर घेऊन त्याचं अस्तर शिवत होते.

"या आकडेबाई! आज आमच्याकडे वाट वाकडी केलीत?"

"डॉक्टर, एका टिपणावर तुम्ही दोन उत्तरं दिलीत."

"दोनच? या वयात चार दिली तरी माफ आहेत."

"संगीत शिक्षिका. पाठ दुखते म्हणून आलेली."

सुई थांबली. डॉक्टरांनी ती नीट कापडात टोचून ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बस आधी."

ती बसली नाही.

"बेडकाला तू बाईचे कपडे चढवलेस," डॉक्टर म्हणाले, "गळ्यात गाणं घातलंस, सगळं सोंग बरोबर केलंस. आणि तोंड मात्र स्वतःचंच ठेवलंस. 'सोबतच्या व्यक्तीने शंभरात किती असे विचारले.' अगं, असं विचारणारी दुसरी बाई आहे का या जगात? माझ्या मुलीच्या लग्नात जावयाला विचारलं होतंस, तुमच्या घराण्यात शंभरात किती टिकतात!"

हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. बाकी सगळं बदलताना तिचा हात एकदाही अडला नव्हता, ते एक वाक्य मात्र बदलवेना. ते काढलं असतं तर विचारायचं तरी काय उरलं असतं? "म्हणजे पहिल्यांदाच ओळखलंत," ती म्हणाली.

"त्या ओळीला ओळखलं."

"आणि दहा लिहिलेत."

"दहा लिहिले. त्या दिवशी माझ्या हातून आकडा लिहिला गेला नाही, औषध लिहिलं गेलं. मित्र आहे मी तुझा. बेडकाचाही होतो."

"मग सत्तर कुणी लिहिले?"

"तेही मीच." डॉक्टरांनी कोटावरचा दोरा उगाच चिमटीत धरला. "काही महिन्यांनी तेच टिपण पुन्हा आलं. मी म्हटलं, हिला पटलेलं नाही. मी थाप मारली ते हिला कळलं, म्हणून ही परत विचारतेय. माणूस एकदा विचारतो ना, तेव्हा त्याला धीर हवा असतो. तोच दुसऱ्यांदा विचारतो तेव्हा त्याला खरं हवं असतं. जन्मभर हेच बघितलं मी, दाराबाहेर बाकावर बसलेल्या माणसांत. म्हणून दुसऱ्या वेळी खरं लिहिलं. सोपं गेलं नाही. आठवडाभर ते टिपण उशाशी घेऊन झोपलो."

"मी नाही विचारलं, डॉक्टर."

"आँ?"

"दुसऱ्यांदा मी नाही विचारलं. मशीननं चिठ्ठी काढली. काही टिपणं परत पाठवायची असतात, माणूस तेच उत्तर देतो का बघायला. त्यात हे आलं. मी मध्ये हात घातला असता तर लबाडीवर लबाडी झाली असती, म्हणून जाऊ दिलं. मला वाटलं, येऊन येऊन दहाच येतील ना, फार तर बारा." तिचा आवाज खाली गेला. "मला दहा पुरले होते."

डॉक्टरांनी कपाळावरचा चष्मा हातात घेतला. "म्हणजे बाकीचीही परत आली होती?"

"बरीच."

"मला पत्ता नाही." मग त्यांनी कपाळावर हात मारला. "हात दाखवून अवलक्षण! गप्प दहा लिहून मोकळा झालो असतो तर..."

"सत्तर खरे का?"

आता त्यांना खोटं बोलता आलं असतं, आणि क्षणभर तिला वाटलं, बोलावंच त्यांनी. पण त्यांनी तो कोट उलटा केला, अस्तर जिथं उसवून बाहेरच्या कापडापासून सुटलं होतं तिथं बोट घातलं. "हे असं झालं होतं आत. बाहेरचं कापड तेवढं धरून होतं. त्या दुपारी कळलं असतं आणि लगेच उघडलं असतं, तर सत्तर. चांगल्या हातात पडला असता तर थोडे जास्तच." बोट तिथंच ठेवून ते म्हणाले, "मी घरी होतो त्या रविवारी. वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत बसलो होतो. एक फोन करायचा होतास गं मला. सहा वर्षं हे ओठांवर आलं आणि गिळलं."

ती आता बसली. डॉक्टरांनी तिला पाणी आणून दिलं, ती ते प्यायली, आणि मग दोघांनी मिळून कामाचं तेवढं ठरवलं: ते टिपण अभ्यासातून बाद, मुळात ते अभ्यासातलं नव्हतंच, आणि वकीलबाईलाही सांगायचं, आजच, कारण तिघांच्या नावानं जे छापलं जाणार त्यात तिसरीला अंधारात ठेवायचं नाही. निघताना डॉक्टर दारापर्यंत आले. "शिव्या द्यायच्या तर दे," म्हणाले. तिनं त्यांच्या बाहीला लागलेला दोरा काढला आणि जिना उतरली.

रस्त्यावर दुपार चढली होती. लोक जेवायला निघाले होते, एक माणूस डोक्यावर आरसा घेऊन रस्ता ओलांडत होता, एका दुकानदारानं नळी लावून आपल्या दारापुढची फरशी धुवायला काढली होती. सत्तर. ती चालत होती आणि तिच्यासारख्याच शंभर बाया शंभर रस्त्यांनी चालत होत्या, शंभर घरांकडे. पोरांना ती नेहमी बजावायची, आकडा शंभरांचा असतो, एकट्या माणसाचा कधी नसतो. एकट्याला विचाराल तर तो एकतर आहे, नाहीतर नाही. पण आज तिला ती घरं लख्ख दिसत होती. सत्तर घरांत तो आहे. सत्तर घरांत छातीवरून उभा व्रण आहे, पोरांसमोर तो सदरा घालूनच पाण्यात उतरतो, आणि सत्तर बाया ओरडतायत, टॉवेल खुर्चीवर नको, किती वेळा सांगायचं. सत्तर न्हाणीघरांतून बेसूर शीळ येतेय. काही बाया तर वैतागून म्हणत असतील, पुरे ना आता! त्या बायांचा तिला इतका हेवा वाटला की तिला भिंतीला हात लावून उभं राहावं लागलं. सत्तर बायांना माहीतही नाही आपल्याकडे काय आहे ते. आणि मी तिथं का नाही? पर्स खांद्याला लावायची घाई केली म्हणून. त्याचा तो वास, तो थंड हात धरणं, तो जेवताना मान वर करून विचारलेला प्रश्न, सगळं सगळं तिला परत हवं होतं, या क्षणी, या रस्त्यावर, आणि हवं असण्याला काही इलाज नव्हता. आकड्याशी त्याचा काही संबंध नव्हता हे तिला तिथंच उमगलं: दहा असते तरी तो असाच हवा होता, सत्तर झाले तरी असाच हवा आहे. पण सत्तरांत तो हवा असणं फार फार दुखत होतं.

बसथांब्यावर बाकावर ती टेकली आणि तिनं वकीलबाईला फोन लावला. पलीकडे कोर्टाच्या व्हरांड्यातला कल्ला होता.

"लवकर बोल बाई, पुकारा होईल माझा."

"ते संगीत शिक्षिकेचं टिपण..."

"दोनदा पाठवलंस ते?"

"तुला कळलं होतं?"

"अगं, वकील आहे मी. एकच कागद दोनदा पुढे आला की मी आधी बघते कोण मला खेळवतंय. तुझी परत आलेली झाडून सगळी ओळखली मी. म्हणून तर पहिलंच उत्तर उतरवून दिलं, म्हटलं घे."

एरवी तिनं डोकं धरलं असतं. अख्ख्या अभ्यासात कौतुकानं दाखवावा असा वकीलबाईच्या उत्तरांचा तो एकच रकाना होता. "ते टिपण बाद करायचंय," ती म्हणाली. "ते कुठल्या खटल्यातलं नाही. ती शिक्षिका नाही. तो बेडूक आहे."

मग वकीलबाई म्हणाली, "तरीच ते 'शंभरात किती'. म्हणजे सोबतची व्यक्ती तू."

"मी."

"बरं." तिचा आवाज बदलला होता, कोर्टातला राहिला नव्हता. "मग मी विचारलं होतं त्याचं उत्तर दे. टिपणात तू काय विचारलंस ते आहे, तू काय ठरवलंस ते आहे. तुझ्या बाकीच्या टिपणांतली माणसं ओय ओय तरी करतात, पाणी मागतात, बायकोवर खेकसतात. हा एकटाच तोंड मिटून. चांगला शुद्धीवर होता की. तो काय म्हणाला?"

"काही नाही. बुटाची नाडी बांधत होता."

"बेडूक? आणि गप्प?"

तिच्यासमोर थांब्यावर एक लहान मुलगी बापाबरोबर बसची वाट बघत उभी होती, केस ओले, खांद्याला पिशवी, आणि वारा आला तसा तो वास आला, तलावाचा. मुलीची नाडी सुटली होती. ती तिथंच वाकली, जीभ बाहेर काढून गाठ मारू लागली, वाकल्यामुळे तिचं तोंड लाल झालं. आणि सहा वर्षं जे नुसतं पुटपुटणं होतं, जे दारात उभ्या असलेल्या तिनं ऐकलं होतं आणि ऐकायचं नाकारलं होतं, कारण ते ऐकलं असतं तर ती परत फिरली असती, बसली असती, थांबली असती कदाचित, ते तिला शब्द न् शब्द ऐकू आलं. त्याचा आवाजही आला, खाली वाकल्यामुळे जरा दबलेला. सहा वर्षांत पहिल्यांदा तिला त्याचा आवाज आला.

"अगं, आहेस का?" वकीलबाई म्हणत होती. मागे कुणाच्या तरी नावाचा पुकारा चालला होता. "काय म्हणाला गं तो?"

"मी म्हणाले ना, शंभरात दोन म्हणजे काहीच नाही." बस आली, मुलगी आणि बाप चढले, ती बसून राहिली. "तर तो वाकलेलाच होता. हसला नाही की काही नाही. मला वाटतं, त्याला खरंच वाईट वाटलं होतं. नाडी बांधता बांधताच म्हणाला, 'बिचारे गं ते दोघं.'"